हौदात उतरायचं नाही

टायफॉइडमधून उठलो तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो आणि पायरी चढतानाही भिंत धरावी लागे. डॉक्टर बाबांना म्हणाले, औषधं पुरे झाली, आता पोराला व्यायामाला घाला. बाबा मिलमधून येताना वाटेतल्या आखाड्यात थांबले आणि वस्तादांशी बोलून आले. वस्ताद आमची वस्ती ओळखून होते. पोराला पाठवा म्हणाले. फक्त हौदात उतरायचं नाही.

हौद म्हणजे कुस्तीची लाल माती, तेल, ताक नि हळद घालून मळलेली. तिची रोज पूजा होई. आमच्या घरी बौद्ध धम्माची दीक्षा होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या मातीच्या लेखी आम्ही होतो तेच होतो.

मी काठावरच्या फरशीवर जोर मारू लागलो. शिकवण्यात वस्तादांनी कसूर केली नाही, हेही सांगितलं पाहिजे. जोरानं छाती भरते, बैठकांनी मांड्या. मुद्गल फिरवला की खांदा मोकळा होतो. आणि दम हवा असेल तर पळण्याला पर्याय नाही. हे सगळं त्यांनी माझ्याकडून करवून घेतलं. अंग भरलं. माझ्याहून हलकी पोरं हौदात एकमेकांना चीत करत, आणि मी बाहेर उभा राहून बघे.

नागपंचमीच्या कुस्त्या जवळ आल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, माझीही जोड लावाल का. त्यांनी आवाज चढवला नाही.

"तुले बिमारीतून उठाचं होतं, तू उठला. आता कुस्ती काहून पाहिजे गा तुले?"

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं, ते भांडायला जातील. ते ताटावरून उठलेही नाहीत. तब्येत झाली ना, मग झालं, एवढंच म्हणाले. त्या दिवशी मला वस्तादांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

आखाडा सोडला आणि पळायला लागलो. धरमपेठेतून तलावाकडे जाणारा रस्ता सकाळी मोकळा असे, आणि तिथं कोणी कोणाला अडवत नव्हतं. त्या दमावरच पुढे पोलिसात भरती झालो.

काही वर्षांनी वस्ताद बाजारात भेटले. मी वर्दीत होतो. त्यांनी माझा दंड दाबून पाहिला आणि सोबतच्या दोघांना अभिमानानं सांगितलं, "हा आपल्याच आखाड्यातला पठ्ठा होय."

"मी काठावर होतो, वस्ताद," मी म्हणालो. "तुम्ही मले हौदात उतरू देल्लं नाही."

ते दोघं दुसरीकडे बघू लागले. वस्ताद हसले. वय झालं, आता आठवत नाही म्हणाले. मग माझ्या बरोबरीच्या पोरांपैकी कोणी कोणाला कुठल्या डावावर पाडलं, ते मात्र एकेक करून सांगत राहिले. मी सायकल घेऊन निघालो. कुस्तीचा एकही डाव मला आजपर्यंत येत नाही.