अकरा नंबरातला धूर

"स्मोक," ती पांढऱ्या केसांची फॉरेनची बाई म्हणली. इंग्रजी मला येत न्हाई, आठवीलाच शाळा सुटली, पण स्मोक म्हणजे धूर एवढं कळतंय, हाटेलात भिंतीभिंतीवर तीच पाटी हाय. मला वाटलं आग लागली कुठं. पडद्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, कुठंच कायी न्हाई. मी तिच्या खांद्याशी पहिल्यांदाच वाकून वाईन ओतून राहिले होते, बाटलीला काळी पिशवी, पिशवीवर अकरा नंबर, आन् ती बाई डोळे मिटून ग्लासात नाक घालून बसलेली. मंग तिनं बोटं चोळली, तिला कशाचं तरी नाव आठवंना. शेजारी आपल्याकडले एक सर होते, ते तिला खोदून इचारून आमच्या हाटेलच्या म्याडमला मराठीत म्हणले, "बाईंना धूर लागतोय, आणि ओव्यासारखं काहीतरी."

ओवा म्हणल्याबरुबर माझा हात अंबाड्याकडं गेला.

सांगते. लातूरला आमच्या हाटेलात वाईनची स्पर्धा होती, देशोदेशीच्या बाटल्या, आन् त्या पारखायला देशोदेशीची माणसं. आपल्याकडं द्राक्षं होतेत म्हणून औंदा इकडं ठेवली म्हणे. कोणाची वाईन ते कळू नये म्हणून बाटलीला पिशवी. एक घोट घ्यायचा, तोंडात खळाळ खळाळ फिरवायचा, अन् बादलीत थुंकायचा. माझ्यासंगं एक मावशी होत्या वाढायला, त्या पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून म्हणल्या, "थुंकायचंच हाय तर घेतेत कशाला गं? आमच्या मालकाला इथं आणून बसवाय पायजे, एक थेंब खाली पडू द्यायचा न्हाई."

"मावशी, हळू. म्याडम बघून राहिल्यात."

म्याडमनी आधीच बजावलं होतं. अत्तर न्हाई, पावडर न्हाई, गजरा न्हाई, डोक्याला तेल न्हाई. ह्या लोकांचं नाक म्हणजे काटा हाय सोनाराचा, खोलीत दुसरा वास चालत न्हाई. एक पोरगी मोगरा माळून आली तर दारातूनच माघारी धाडली, पुन्हा बोलावलीच न्हाई. मी सगळं पाळलं. तेल बंद केलं, साबणसुदीक बिनवासाचा घेतला. मला ह्या कामावर कायम व्हायचं होतं. उमरीला माहेरी बाळंत होऊन आले, लेक चार महिन्याची, मालकाचं काम आज हाय तर उद्या न्हाई. म्याडम म्हणल्या होत्या, चार दिवस नीट केलंस तर ठेवून घेऊ.

पण रोज सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लेकीला न्हाऊ घालून धुरी देतेत. निखाऱ्यावर ओवा, शेपा, वेखंड. लेकीला मीच धरते, धूर सगळा माझ्या केसात. अन् बाळंतीण म्हणून मला येगळी देतेत ती येगळीच. हाटेलात आल्यावर कपडे बदलले, पण अंबाडा तोच. देवाशपथ सांगते, धुरी म्हणजे वास हाय हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. वास म्हणजे अत्तर, वास म्हणजे मोगरा. धुरी तर औषध हाय.

टेबलावर पारखायला पाच जणं. बाकीच्या चौघांनी आपापला ग्लास हुंगला, मुंड्या हालवल्या, न्हाई म्हणले. बाई ऐकंना. पुन्हा भरा म्हणली. म्याडमनी मला खूण केली.

मी वतलं तर पुन्हा धूर येणार. का येतोय ते सांगितलं तर त्या मोगऱ्यावालीसारखी मी पण घरी. त्यात दूध पाझरायला लागलं. मी मावशींच्या हातात बाटली दिली, "माझं मनगट धरलंय, तुम्ही वता," आन् मागं भिंतीला जाऊन टेकले.

मावशींनी वतलं. बाईनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. धूर न्हाई.

एक लाल दाढीवाला गडी आपल्या नाकावर बोट वाजवून कायतरी बोलला, सगळे हसले. सर म्याडमला हळूच म्हणले, "म्हणतोय, वय झालं की आधी नाक जातं." बाईपण हसली. पण हसता हसता तिनं कागदावरची धुराची ओळ खोडली, अन् तिथून म्होरं दर ग्लास तीन तीन येळा हुंगायली, अन् लिहायच्या आधी शेजाऱ्याच्या कागदाकडं बघायली. सकाळपून तिनं एकदाबी दुसऱ्याचं बघितलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत ती खिडकीपाशी एकलीच हुभी होती. आपल्याच मनगटाचा वास घेऊन बघून राहिली होती, नाक हाय का गेलं म्हणून. मी पाणी घेऊन गेले. मनात होतं, डोकं म्होरं करावं, अंबाडा दाखवावा, भाषा कशाला लागती, तिला एका श्वासात कळलं असतं. चार पावलं राहिले आन् तिनं मान वर केली, नाकपुड्या हालल्या. मी तिथंच थांबले. लांबूनच हात लांब करून ग्लास खिडकीत ठिवला आन् माघारी फिरले, पळालेच म्हणा ना.

त्या दिवशी घरी म्हणलं, "आत्याबाई, काम सरंपस्तोर धुरी नको."

"बाई बाई! दोन दिवस साहेबलोकात काय गेली, धुरीची घाण वाटायली व्हय?"

मी न्हाणीत जाऊन केस धुवून काढले. चौथ्या दिवशी म्याडमनी ठेवून घेतलं. लेकीचं चांगलं चाललंय, माझंबी चाललंय.

पण त्या खोलीत सगळ्यात खरं नाक त्या बाईचंच होतं, अन् हे फक्त मला ठाव हाय. ती तिच्या देशात गेली. तिथंबी ग्लास उचलला की शेजाऱ्याचा कागद बघत असंल का? माझ्या एका वाक्यानं तिचं मन हलकं झालं असतं, अन् माझं काम गेलं असतं. कुशीत चार महिन्याची लेक धरून सांगा मला, तुम्ही असता तर काय केलं असतं?