मावशीच्या खिडकीतली हजेरी

सत्यशीला मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. तिला गप्प बसायला सांगणं म्हणजे चालू थ्रेशरपुढे हात जोडणं. आर्णीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, चौदा बायांची ओळ तिच्या हाताखाली होती. कापसातली किडकी, पिवळी पडलेली कवडी वेचून फेकायची, हे त्यांचं काम. हात बायांचे, तोंड मावशीचं. "रुपीबाई, डोये घरी ठेवून आली काय वं?" एवढं मी तिच्या आवाजात म्हटलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची.

कापसाचं सगळंच बिनसलं होतं, त्या वर्षीची ही गोष्ट. भादव्यात मावशीला टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने वेगळ्या खोलीत राहा, गोळ्या चुकवू नका, मग थुंकी तपासू. मावशीनं बोटांवर दिवस मोजले. जिनिंग दिवाळीत सुरू होणार, तपासणी दिवाळीनंतर.

"म्हंजे माही जागा गेली," ती म्हणाली.

आमच्या मागच्या खोलीत तिची खाट पडली. पहिले चार दिवस ती नुसती चालत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहा पावलं, वळली की पुन्हा सहा. आई बाहेरून ओरडायची, "अवं बाई, फरशी झिजंल!"

पाचव्या दिवशी सकाळी सातला खिडकीतून आरोळी आली, "रुपीबाई! रामीबाई!" मावशी हजेरी घेत होती. मी अंगणात दात घासत होते, मला राहवलं नाही. रुपीबाईचा नाकातला आवाज काढून म्हटलं, "आली व्हय, आली!" आतून असं हसू फुटलं की खोकून खोकून तिचा दम निघाला.

मग ते रोजचंच झालं. हजेरीनंतर ती जुन्या गादीतला कापूस उपसून कवडी वेचायची. "बोटाईनं इसरू नाई," म्हणायची. दुपारी किराण्याच्या पुडीवरची बातमी मोठ्यानं वाचायची आणि कागद फाटलेला असला की पुढचं स्वतःच जोडायची. एकदा एका मंत्र्याची सभा सुरू झाली आणि शेवटी त्याची म्हैस हरवली. झोपताना उद्याचं एक काम ठरवायची, "उद्या उशी." आमच्याकडे एकही उशी उरली नाही.

दिवाळी आली. जिनिंगचा भोंगा काही वाजला नाही. भाव पडलेला, म्हणून शेतकरी कापूस घरातच भरून ठेवत होते; मालकानं कुलूप काढलंच नाही. आईनं मला दटावलं, मावशीला सांगायचं नाही.

"भोंगा झाला काय वं?" मावशी रोज विचारायची.

"वारा उलटा हाय, मावशी."

वारा आठ दिवस उलटाच वाहिला. नवव्या दिवशी तांड्यावरून रुपीबाई आली, खिडकीपासून लांब दगडावर बसली आणि म्हणाली, "कोनाची हजेरी घेऊन राह्यली, बाई? जिनिंग बंद हाय. मी वेचणीले जातो वावरात."

दुसऱ्या दिवशी सात वाजले, साडेसात वाजले. खोलीतून आवाज नाही. दवाखान्यातली नर्सबाई गोळ्या घेऊन आली, तर मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"सात गोळ्या कायले खाऊ? कोन्त्या कामासाठी?"

नर्सबाई समजावून थकली. मी घाबरले, आणि घाबरले की माझं तोंडच सुटतं. मावशीच्या आवाजात मी पुकारलं, "रामीबाई!"

आतून उत्तर आलं, "थांब. रामीबाई कुठं कामाले हाय, माहीत हाय तुले?"

"नाई."

"मंग हजेरी कायची घेतं? जाय, विचारून ये. चौदाच्या चौदा."

मी सायकल हाणली. दुपारपर्यंत अकरा जणींचा पत्ता लागला, तिघींचा लागलाच नाही. चौघी कामाला होत्या, सात जणी घरी बसून होत्या. मावशीनं ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाली, "नर्सबाईले बोलाव. पानी जास्त आन."

तपासणीला अकरा दिवस होते. तेवढ्या दिवसांत तिनं खिडकीतूनच निरोप धाडून सातही जणींना रुपीबाईच्या टोळीत वेचणीला लावलं. मला एका जागी बसूच दिलं नाही.

थुंकी साफ निघाली. मावशी दवाखान्यातून घरी आली, कॅलेंडर उलटं केलं. त्या टोळीची मुकादम आता रुपीबाई होती. मावशीनं जरा वेळ पेन्सिल हातात फिरवली आणि त्याच यादीत सगळ्यात खाली स्वतःचं नाव लिहिलं.