खूरवालीचा वळू

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळे दूधवाले ‘खूरवाली’ म्हणतात, अगदी तोंडावरही. कुरणात चरणाऱ्या गाईंचे वाढलेले खूर तासणं हे त्यांचं काम. गाईचा पाय हातात आला, की त्यांना जेवणाचीही शुद्ध राहत नाही. घरी मात्र माझी भाजी अळणी झालीय हे पहिल्याच घासाला कळतं! आमचं दोघींचं फारसं जमत नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्यांचा जीव अडकलेला होता तो बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या वळूत. दिसायला रुबाबदार, आई भरपूर दुधाची. आसपासच्या गोठ्यांत त्याच्या लेकी दूध देत होत्या, आणि आता दूध संघ सगळ्या कळपांसाठी तोच वळू निवडणार होता. जाऊबाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

अशात त्याची एक लेक लंगडायला लागली. पाय उचलून बघतात, तर खुराची बाहेरची नखी पिळवटून आत वळलेली. “आमचं कुरणच खडकाळ,” मालक म्हणाला. मग ओल्या कुरणातल्या दुसऱ्या लेकीचंही तेच निघालं, मऊ गवतावरच्या तिसरीचंही. त्याच कुरणांतल्या, दुसऱ्या वळूच्या गाई मात्र ठणठणीत. त्या दिवशी जाऊबाईंनी भाजीला नावं ठेवली नाहीत, तेव्हा मी घाबरलेच.

“जमिनीचा दोष नाही गं,” त्या म्हणाल्या. “रक्तातूनच आलंय. माझ्याच वळूकडून.”

निवडीच्या सभेला मीही गेले. जाऊबाई उठल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले, “अहो, दूध तर चांगलं देतात ना त्याच्या लेकी? खूर तासायला तुम्ही आहातच की! कशाला हातचं घालवता?”

“तासलेला खूर पुन्हा पिळवटतो हो,” त्या म्हणाल्या. “मी आज गप्प बसेनही. पण या गाईंना रोज कुरणापर्यंत चालत जायचंय. उद्या त्यांच्या लेकींना, नातींनाही. त्याला घेऊ नका.”

वळू बाद झाला. जाऊबाई खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या.

माझ्या शेजारच्या परगावच्या बाईने हळूच विचारलं, “कोण हो या?”

“माझी जाऊ! सख्खी थोरली जाऊ!” मी म्हणाले. अख्ख्या सभेने वळून बघितलं, इतक्या मोठ्याने.