मागच्या प्लॉटचा ठराव

कोथरूडच्या आमच्या सोसायटीमागे एक मोकळा प्लॉट होता. बिल्डरला तिथे दुसरी इमारत बांधायची होती, पण परवानगी कुठेतरी अडकली आणि शेवटी ती जमीन तो सोसायटीच्या गळ्यात मारून गेला. पायासाठी उपसलेली माती तिथेच राहिली. पाऊसपाण्याने दबून तिची टेकाडं झाली, वर गवत आलं आणि मुलांनी त्यांवर सायकली घालायला सुरुवात केली. एका बाजूने धापा टाकत चढायचं, दुसऱ्या बाजूने किंचाळत उतरायचं. त्या मुलांच्या मागोमाग साठी उलटलेले एक गृहस्थही गोल गोल फिरत असायचे. ते माझे बाबा.

बाबांनी नोकरीची सगळी वर्षं सायकलवर काढली. पेठेतून हडपसरच्या कारखान्यात, पँटच्या पायाला क्लिप लावून. खुर्चीत बसून माणसाला नुसत्या काळज्या सुचतात, विचार करायचा तर सायकलवर, असं ते म्हणायचे. ते निवृत्त होईपर्यंत शहराचा नूर पालटला होता. कंपन्या आल्या, त्यांचे पगार आले आणि पगारांपाठोपाठ गाड्या आल्या. एकदा पौड रस्त्यावर एका बसने बाबांना पार कडेला दाबलं. गटारापाशी पाय टेकून कसे वाचलो, हे त्यांनी घरी येऊन हसत हसत सांगितलं. आई हसली नाही. त्यानंतर त्यांनी रस्ता सोडला आणि मागचा प्लॉट धरला.

पुढे आमच्या सोसायटीतही घरटी गाडी झाली. फाटकात रोज संध्याकाळी भांडणं. सेक्रेटरींनी तोडगा काढला, मागची टेकाडं सपाट करून तिथे काँक्रीट घालायचं. वार्षिक सभेत तो विषय येणार हे कळलं तशी बाबांनी कंबर कसली. त्यांचं म्हणणं साधं होतं. माती आहेच, ती फक्त नीट दाबून घ्या. लहानांसाठी बुटके चढ, मोठ्यांसाठी उंच, भोवती एक गोल वाट आणि कडेला दोन बाक. शेजारच्या वस्तीतल्या पोरांनाही येऊ द्या. सायकल शिकायला पडावं लागतं, आणि पडायला माती लागते, डांबर नव्हे. बाबा दारोदार जाऊन हे सांगत होते. सगळ्यांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि ‘कल्पना छान आहे’ म्हटलं. जन्म पुण्यात काढलेल्या माणसाला याचा अर्थ कळायला हवा होता. बाबा मात्र खुशीत घरी आले.

अडचण एकच होती. सभेत एका घराला एक मत, आणि ते ज्याच्या नावावर घर, त्याचं. आमचं घर आईच्या नावावर होतं, कारण कर्ज तिच्या बँकेतल्या नोकरीवर मिळालं होतं. बाबांना त्याचा केवढा अभिमान! येईल त्याला ते ‘घराच्या मालकीणबाई’ म्हणून आईची ओळख करून द्यायचे. "मी बोलतो, तू फक्त हात वर कर," त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

सभा रविवारी सकाळी, गच्चीवर. आमच्याकडे सभा कधीच वेळेवर भरत नाही, कारण पुरेशी माणसं येत नाहीत. मग नियमाप्रमाणे ती तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची. दुसऱ्यांदा कितीही माणसं चालतात. हे ठाऊक असल्यामुळे बरेच जण अर्धा तास उशिराच निघतात. बाबा अर्थातच आधी जाऊन बसले होते. सभा तहकूब झाली तसे ते उठले. म्हणाले, "रिकामे बसलाच आहात, तर प्रात्यक्षिकच बघा."

ते खाली गेले आणि आम्ही सगळे कठड्याशी गोळा झालो. बाबांनी सायकल काढली, लहान टेकाड सहज पार केलं आणि मोठ्याला घातली. माथ्यावर चाक डगमगलं. क्षणभर वाटलं, गेले. त्यांनी पाय टेकला, तोल सावरला आणि आमच्याकडे बघत एक हात वर करून उतरले. गच्चीवर टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आईने कठडा घट्ट धरला होता.

मग सभा भरली. बाबा छान बोलले. सेक्रेटरी म्हणाले, "सायकल चालवायला महापालिकेने रस्ते बांधलेत की."

"रस्ते आहेत," बाबा म्हणाले, "परत येण्याची सोय तेवढी नाही."

लोक हसले. हिंजवडीला जाणारा एक तरुण म्हणाला, "काका, आयडिया एकदम मस्त आहे. पण पार्किंग इज द रिअल इश्यू." मग पार्किंगच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. हात वर होत गेले, आणि त्यांत आईचाही होता.

बाबांनी तो पाहिला. आमच्याकडे गाडी नव्हती, हे साऱ्या गच्चीला माहीत होतं. आईचं मत नसतं तरी ठराव झालाच असता, पण त्याने काय फरक पडतो?

घरी आल्यावर आईने विचारलं, "अहो, रागावलात?"

"मालकीणबाईंचं मत आहे. त्यात रागवायचं काय?" बाबा म्हणाले. पण पुन्हा त्यांनी तिला मालकीणबाई म्हटलं नाही.

मी मात्र आईवर भयंकर चिडले. स्वयंपाकघरात तिला धारेवर धरलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "तू चाक पाहिलंस. मी त्यांचे पाय पाहिले, थरथरत होते. तिथे रोज चढले असते. एक दिवस हाड मोडून घेतलं असतं. मला ते धडधाकट हवेत."

टेकाडं गेली. काँक्रीट आलं, पिवळे पट्टे आले आणि प्रत्येक घराला एकेक जागा मिळाली. आमच्या जागेत बाबांची सायकल उभी राहिली. एकदा ते ती घेऊन रस्त्यावर गेले, तर ते परत येईपर्यंत आई बाल्कनीत उभी. त्यांनी खालून तिला पाहिलं आणि त्यानंतर सायकल काढली नाही. ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसू लागले. आधी गुडघे आखडले, मग जिना नकोसा झाला, मग बोलणं कमी झालं. विचारलं तर म्हणायचे, "बरा आहे की." ते बरे नव्हते. आमच्या डोळ्यांदेखत माझे बाबा थोडे थोडे संपत होते आणि औषध कशावर द्यायचं ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

एका हिवाळ्यात, दुपारी, ते त्या खुर्चीतच गेले.

माणसं भेटायला येत होती. सेक्रेटरीही आले. आईसमोर बसून, मनापासून वाईट वाटून म्हणाले, "पण वहिनी, एका परीने नशीबवान. कुठे पडणं नाही, झडणं नाही. बसल्याजागी सुटले."



"पडले असते," आई म्हणाली, "तर मी उचललं असतं त्यांना."