सफरचंदासाठी हिवाळा करणारी माणसं

येवल्याजवळच्या आमच्या शेतात चाळीस सीताफळं आहेत. वडिलांनी लावलेली. ती उपटून तिथे सफरचंद लावायचं माझ्या धाकट्या भावानं, नितीननं ठरवलं आणि मला फोन केला तो जेसीबीवाल्याला सांगून झाल्यावर. येत्या बुधवारीच जेसीबी येणार होता. मी नाशिकला शाळेत शिकवते, आवाज चढायला मला वेळ लागत नाही. "मोबाइलवर व्हिडिओ बघून कुणी बाग उपटतं का रे?" म्हणत मी त्याला फैलावर घेतलं. शेवटी तह झाला आणि जेसीबी पुढे ढकलला. आपल्यासारख्या उन्हाच्या मुलखात कुणी सफरचंद लावलंय ते आधी डोळ्यांनी बघायचं, मग भांडायचं. बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातले एक देवराव काका नितीनच्या ओळखीतून सापडले आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही मनमाडहून सकाळची गाडी पकडली.

मलकापूरला उतरून स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. त्यांवर तर्री ओतून देतात, तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. तिथून मोताळ्याला एसटी. पुढे कापसानं फुगलेल्या गाड्या असल्यामुळे ती रांगतच गेली. मोताळ्याहून रोहिणखेडच्या बाजूला काळीपिवळी मिळते, पण माणसं कोंबून भरल्याशिवाय ड्रायव्हर चावीला हात लावत नाही. रोहिणखेडची जुनी मशीद बघायची माझी फार इच्छा होती. नितीन म्हणाला, "झाडं बघायला आलोय, सहलीला नाही." तुम्ही गेलात तर जरूर बघा.

देवराव काकांची मुख्य बाग संत्र्याची. तिच्या कडेला वीसेक सफरचंदं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या पत्नी, शांताकाकू, एका झाडाची हिरवीगार पानं एकेक करून तोडत होत्या. पलीकडची चार झाडं पार उघडी पडली होती.

"रोग पडलाय का हो काकू?" मी विचारलं.

"रोग नाही वो बाई. हिवाळा करून राह्यलो त्याच्यासाठी."

म्हणजे असं. सफरचंदाला कडक थंडी लागते. थंडीनं पानं गळतात, झाड विसावा घेतं आणि मग फुलतं. कमी थंडीत येणाऱ्या जाती आता मिळतात, पण आपल्याकडचा हिवाळा त्यांनाही अपुरा पडतो. पानं गळतच नाहीत. मग काही दिवस पाणी तोडून ती हातानं काढावी लागतात.

हे काकांना कुणी शिकवलं नव्हतं. "पयल्या वर्षी मी लई शहाणपना केला," ते म्हणाले. "संत्र्याले उन्हाळ्यात तान देतो, पानी तोडतो, मंग पाऊस पडला का बहार फुटते. म्हटलं, यालेबी तसंच करू. अकरा झाडं उभी वाळली."

"अन् हे गोठ्याजवळचं पाहा," काकू म्हणाल्या. "हिवाळ्यात बकरी सुटली, सारी पानं खाऊन गेली. मले रडू आलं. थोड्या दिवसानं पाहतो त फुलंच फुलं! बकरीले जमलं ते आपल्याले काऊन नाही जमणार?"

आम्हीही हात लावला. पान देठाशी चिमटीत धरून वरच्या दिशेनं मोडायचं. खाली ओढलं तर बगलेतला डोळा, म्हणजे नवा फुटवा, सोबत निघतो. माझी पहिली फांदी वाया गेली आणि काकूंनी मला शाळेतल्या मुलीसारखं झापलं. दोन तासांत आम्हा दोघांचं मिळून एक झाड झालं.

जेवायला कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा. कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं एकत्र दळण. मी तीन भाकरी खाल्ल्या. जेवताना नितीननं सगळं विचारून घेतलं. फळ उन्हाळ्यात येतं, लहान आणि फिकं. उन्हाकडची बाजू भाजते, म्हणून काकांनी पश्चिमेला शेवगा लावलाय. एकच जात लावू नये, दोन मिसळाव्यात. आणि बाजारात गिऱ्हाईक आधी विचारतं, हे खरंच सफरचंद आहे का?

"सीताफळ उपटून हे लावावं का?" नितीननं शेवटी विचारलं.

"काऊन उपटता? त्याले ना जास्त पानी, ना कोनाची खुशामत," काका म्हणाले. "याच्या मागं रोज फिरा लागते. तुमच्याकडं पानं तोडाले मानसं किती?"

"मी एकटाच आहे," नितीन म्हणाला.

मी जिंकले होते. मलकापूरच्या फलाटावर मी ते बोलूनही दाखवलं. नितीन म्हणाला, "ताई, तुला बाबांची झाडं हवीत. पण सीताफळं काढायला कधी आलीस? पिकायला आली की सगळी एकदम डोळे उघडतात. दोन दिवस उशीर झाला की फुटून खाली. पक्षी वेगळेच. मी एकटा पळत असतो, आणि तुला पेटी घरपोच लागते. सफरचंद काय, काहीही चाललं असतं मला. निदान बघायला तरी कुणी आलं असतं."

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

जेसीबी आला नाही. सीताफळं जागेवर आहेत. विहिरीजवळच्या मोकळ्या पट्ट्यात नितीननं दोन जातींची सहा सफरचंदं लावली, तेवढी आम्हा दोघांना झेपतात. तुम्हीही लावणार असाल तर आधी पानं तोडणारे हात मोजा, मग रोपं.

परवा मी शाळेत ऑक्टोबरातल्या आठ दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, सीताफळं काढणे. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "शेत कुणाचं?"

"भावाचं," मी म्हटलं.