कोपीला शून्य

कॉलेजातून पत्र आलं आहे. आमच्या विभागाची, म्हणजे मानव विकास आणि कुटुंब अभ्यासाची, स्मरणिका निघणार आहे. माजी विद्यार्थिनींनी आपलं कर्तृत्व एका पानात लिहून पाठवायचं. वर्गातल्या एकीचं समुपदेशन केंद्र आहे, एक बालविकास अधिकारी झाली, एक परदेशात शिकवते. माझं पान चार दिवस कोरंच होतं.

माझी पहिली नोकरी गेवराईकडच्या एका सहकारी साखर कारखान्यावर. ऊस तोडायला आलेल्यांच्या पोरांसाठी तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये बालवाडी होती. भोवती त्यांच्या कोप्या: बांबू टेकवून वर चटई आणि पाचट टाकलेलं, माणूस वाकून आत जाईल एवढ्या. आईबाप पहाटेच उसाच्या फडात जात. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईला वेगळं कोणी मोजत नसे. मग पोरांना कोण मोजणार?

माझे वडील मजुरांच्या संघटनेत. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे शेडमध्ये शिरले ते ठरवूनच, की या पोरांवरचा अन्याय कागदावर सिद्ध करायचा. कॉलेजात शिकलेला तपासणीचा तक्ता माझ्याकडे होता. त्यात एक प्रश्न होता: मूल घराचं चित्र काढतं का? भिंती, छप्पर, दार, खिडकी, प्रत्येकाला गुण.

वडवणीकडची एक पाच वर्षांची पोर होती. कडेवर कायम धाकटा भाऊ. महिनाभर ती बोललीच नाही. मग एकदा भावाला खाली ठेवून तिनं कागदावर मोठा त्रिकोण काढला आणि रेघोट्यांनी भरून टाकला.

"घर काढ म्हटलं होतं ना गं?"

"घरच हाय की. आमची कोपी."

"आणि खिडकी कुठंय?"

"खिडकी कशाला, ताई? समद्या बाजूनं दिसतंय की!"

आणि स्वतःच खुदकन हसली.

भिंत नाही, खिडकी नाही. मी शून्य दिलं. बाकीच्यांनीही कोप्याच काढल्या, त्यांनाही शून्य. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. हे शून्य संचालकांच्या तोंडावर ओरडेल, असा माझा हिशेब होता. वर जळजळीत मजकूर लिहून अहवाल दिला: मुलं मागं पडली आहेत, दुसरी शेड द्या, दिवसभराची मदतनीस द्या.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नदीत नुसती वाळू, ऊस उभ्या उभ्या वाळलेला, प्यायला टँकर. संचालक मंडळ काय काय बंद करायचं हे ठरवायला बसलं आणि मला बोलावणं आलं.

एका संचालकानं अहवाल उघडला. "मॅडम, सही तुमचीच ना? इतके दिवस झाले, पोरांना साधं घर काढता येईना. मग उपेग काय? शेडचं पाणी कोप्यांवर देऊ. लोकांना चार घागरी तरी जास्ती मिळतील."

मी ताडकन उठले. "ते शून्य पोरांचं नाही, तुमचं आहे!"

"आमचं आसंल," तो शांतपणे म्हणाला. "पण दिलं कुणी?"

शेडला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी पोरीची आई पाटी परत द्यायला आली. "उद्यापासून ही येतीय आमच्यासंगं फडात. बारक्याला धरायला." मग आवाज उतरवून म्हणाली, "ताई, हिला घर न्हाई आलं म्हणून बंद केलं का ओ?"

मी नाही म्हणाले. तिला ते पटलं नाही. ती पोरीकडं वळली. "गावाकडचं घर काढायचं ना! कोपी कावून काढलीस गं?"

पोर मान खाली घालून उभी. कडेवर भाऊ. चित्र बरोबर होतं, चुकले ते मी, एवढंच तिला सांगायचं होतं. संचालकांसमोर तडतडणारी माझी जीभ त्या पाच वर्षांच्या पोरीपुढं उचलली नाही. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी गेले तर टोळी दुसऱ्या गावच्या उसाला निघून गेली होती. चुलीचे तीन दगड आणि थोडं पाचट उरलं होतं.

कॉलेजला हेच पान पाठवते आहे, सोबत ते चित्र. कोपऱ्यातलं शून्य मी खोडलेलं नाही. अक्षर माझंच आहे. स्मरणिकेत जागा कमी पडली तर माझा मजकूर गाळा, चित्र छापा.