आक्काची दोन खाती

आक्काच्या लग्नाच्या आठ दिवस आधी बाबा तिला रेणापूरच्या पोस्टात घेऊन गेले आणि तिच्या नावानं पीपीएफचं खातं काढून आले. घरात लग्नाच्या खर्चाची बोंब, आणि हे पोस्टात जाऊन पैसे भरून आले, म्हणून आई दोन दिवस धुसफुसत होती. बाबांचं कापडाचं दुकान होतं, बोलणं मोजकं. त्यांनी पासबुक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे पंधरा वर्षं हलत न्हाई. यावर सरकार कर घेत न्हाई. घरातल्या कुणीबी घेऊ नये. जावयाला सांगायचं न्हाई." मी तेव्हा बीकॉमला होतो. नव्या जावयापासून लपवायचं काय कारण, हे मला कळेना. बाबांना माणसं कळत होती. मला पुढं नियम तेवढे कळत गेले.

लग्न नांदेडला लागलं. संध्याकाळी दाजींनी ताटातल्या तांदळात अंगठीनं आक्काचं नवं नाव लिहिलं. माहेरचं नाव नदीचं होतं, हे देवीचं. पेढे वाटले, फोटो निघाले. पुढं रेशनकार्ड, आधार, पॅन, सगळं त्या देवीच्या नावानं झालं. जुनं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि पोस्टाच्या पासबुकात राहिलं. बाकी जगातून ते पुसलं गेलं.

बाबा गेल्यावर खातं चालू ठेवायचं काम माझ्याकडं आलं. वर्षाला निदान पाचशे रुपये पडले नाहीत तर हे खातं बंद पडतं. मी भाऊबीजेची ओवाळणी पोस्टात भरायला लागलो. दिवाळीच्या आधी जमेल तेवढी रक्कम रेणापूरला भरायची आणि नांदेडला जाऊन ताटात अकरा रुपये टाकायचे. दाजींच्या घरात माझं नावच 'अकरावाला मामा' पडलं. आक्काची सासू तोंडावर विचारायची, "तुमच्याकडं एवढीच पद्धत हाय का?" माझ्या बायकोला हे फार लागायचं. आक्का मात्र ओवाळताना माझ्याकडं बघायची नाही, कारण बघितलं असतं तर दोघांनाही हसू आवरलं नसतं.

दाजी वाईट माणूस आहेत, असं नांदेडात कुणी म्हणणार नाही. हार्डवेअरचं दुकान, गळ्यात इष्टलिंग, आवाज कधी चढत नाही. त्यांना फक्त सगळं माहीत असावं लागतं. एकदा आक्कानं पिठाच्या डब्यात ठेवलेले दोनशे रुपये त्यांना सापडले. ते रागावले नाहीत. पिठानं भरलेल्या त्या नोटा त्यांनी जेवताना सगळ्यांसमोर तिच्या ताटाशेजारी ठेवल्या आणि जेवण चालू ठेवलं. त्यानंतर महिनाभर कोथिंबिरीच्या जुडीचासुद्धा भाव ते रोज शांतपणे विचारत होते. हे मला आक्कानं हसत हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नाही.

मी लातूरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कारकून आहे. मार्च आला की शिक्षक, कंपाउंडर, दुकानदार, सगळे कर वाचवायला आमच्या बाकावर येऊन बसतात. महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा, वर्षाची मर्यादा ओलांडू नका, वारस लावा, हे सगळं मला पाठ. लोक म्हणायचे, साहेबापेक्षा तुम्हीच चांगलं सांगता. झालं, मी फुगलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण दुसऱ्यांसाठी असते असं वाटायचं.

एका भाऊबीजेला जेवताना दाजी म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या नावानं बँकेत पीपीएफ काढून कैक वर्षं झाली बरं का. दरसाल भरून राहिलो. कर वाचतो." माझा घास तोंडातच राहिला. नियम साधा आहे: एका माणसाला एकच खातं. दुसरं निघालं तर त्यावर व्याज नाही. आक्काची तर दोन झाली होती, एक नदीच्या नावाचं, एक देवीच्या. नावं वेगळी, म्हणून कॉम्प्युटरला त्या दोन बायका वाटत होत्या. कधीतरी त्याला कळणारच होतं. त्या दिवसापासून पोस्टात पैसे भरताना दर वेळी माझ्या मनात पाल चुकचुकायची. मी आक्काला बोललो नाही. काही होत नाही, असं स्वतःलाच बजावत राहिलो.

मग दोन गोष्टी एकदमच आल्या. भाची बारावीला गेली आणि दाजींनी परस्पर उदगीरचं स्थळ बघून ठेवलं. पोरीला लातूरला नर्सिंग करायचं होतं. आक्का दुपारी फोन करून म्हणाली, "बाबांचं ते काढायचं. पहिल्या वर्षाची फी आन एक खोली. मी तिच्यासंगं येऊन राहते. एकदा फी भरली की हे काय करत्याल?" पंधरा वर्षं कधीच उलटून गेली होती. मी म्हटलं, काढू. आणि त्याच आठवड्यात पोस्टानं सांगितलं की आधार जोडलं नाही तर खातं गोठणार, पैसे काढायचे तरी आधार लागणारच.

आता जुन्या नावाच्या खात्याला नव्या नावाचं आधार लावायचं. मी लग्नाचा दाखला काढला, प्रतिज्ञापत्र केलं, नोटरी केली. श्रावणात एका नातलगाच्या वास्तुशांतीचं निमित्त करून आक्काला रेणापूरला आणलं. पोस्टाच्या टेबलाशी तिनं कितीतरी वर्षांनी माहेरच्या नावाची सही केली. पहिली चुकली. दुसरी तिनं अक्षर अक्षर जुळवत केली. म्हणाली, "माझंच नाव मला येईना रे." फॉर्मचा बाकीचा भाग बघत तिनं विचारलं, "आन हे?"

"ते मी भरतो," मी म्हटलं.

माझं अक्षर चांगलं आहे. फॉर्मवर छापलेलं होतं: आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक. त्यांच्या घरातल्या सगळ्यांचं आधार एका दिवशी, एका शिबिरात निघालं होतं आणि सगळ्यांना एकच नंबर होता. नियमाप्रमाणे तोच टाकायचा. तो मला तोंडपाठ होता, कारण आक्काकडं स्वतःचा फोन यायच्या आधी आम्ही सगळे त्याच नंबरावर फोन करायचो. मी सुबक अक्षरात दहा आकडे लिहिले. पोस्टातली बाई म्हणालीसुद्धा, "असे फॉर्म भरले तर आमचं काम हलकं होतं." मी खूश झालो. हे लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पैसे लगेच काढून घेऊ का, असं मी आक्काला विचारलं होतं. ती म्हणाली, "काढून ठेवू कुठं? पिठाच्या डब्यात?" मीही म्हटलं, ॲडमिशनच्या वेळी काढू, तोवर बिनकराचं व्याज तरी मिळेल. शहाणा कुठला.

दिवाळीच्या आधी नेहमीसारखी ओवाळणी भरली आणि भाऊबीजेला नांदेडला गेलो. दाजी कधी दारात येत नाहीत, त्या दिवशी आले. माझी पिशवी घेतली. "या पाव्हणं, बसा." जेवताना करंजी स्वतः वाढली, तूपही वाढलं, मुलांची चौकशी केली. एवढं गोड ते कधी बोलले नव्हते. मी आक्काकडं बघितलं. ती पाट मांडत होती आणि तिला काहीच माहीत नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं.

तिनं ओवाळलं. मी ताटात अकरा रुपये टाकले.

दाजींनी खिशातून मोबाइल काढून त्या अकरा रुपयांशेजारी ठेवला. फॉर्मवर मी लिहिलेल्या त्याच नंबरावर आलेला पोस्टाचा मेसेज होता, मी भरलेल्या रकमेचा, आणि खाली आजवरची सगळी शिल्लक. "एवढी मोठी ओवाळणी," ते म्हणाले, "आन आम्ही उगीच तुम्हाला नावं ठेवत होतो." आवाज नेहमीसारखाच होता. निरांजनाची ज्योत मोबाइलच्या काचेवर हलत होती. आक्का ताट धरून उभीच राहिली, खाली ठेवेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओवाळणं आटोपल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही या लाइनीतले. दोन खाती निघाली तर कायदा काय म्हणतो?" त्यांना उत्तर माहीत होतं. तरी मी सांगितलं. अर्ज करायचा, एक खातं ठेवायचं, दुसरं त्यात मिसळायचं. कुठलं ठेवायचं ते खातेदारानं लिहायचं. नियमानं ही निवड फक्त आक्काची होती.

"मग लिहा की," दाजी म्हणाले. "बँकेतलंच ठेवू. पासबुक माझ्याकडंच असतंय, घोळ नको."

भाची दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला सगळं समजलं होतं. कुणी काही बोलायच्या आत ती आत निघून गेली आणि बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

मी पुढच्या आठवड्यात तो अर्ज घेऊन गेलो. दाजी पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. उदगीरचे पाहुणे येऊन सुपारी फोडून गेल्याचं त्यांनी पेपरातून मान वर न करता सांगितलं. आक्का समोर बसली. तिनं देवीच्या नावाची सही केली, मग खाली नदीच्या नावाची. या वेळी एकही चुकली नाही. मी बाकीचे रकाने भरत गेलो: पत्ता, पॅन, आधार. शेवटी मोबाइलच्या रकान्याशी माझं पेन थांबलं. मी हळूच विचारलं, "आक्का, नंबर कुठला टाकू?"

तिनं अर्जावरची नजर उचलली नाही.

"त्योच टाक की," ती म्हणाली. "तुला पाठ हाय."